डी ब्लॉकची रेघ

अन्वर होडेकरला कुणी हट्टी म्हटलं की तो भांडायला उठायचा, आणि असा उठायचा म्हणूनच लोक त्याला हट्टी म्हणायचे. माणूस मूळचा हर्णैचा. पंधराव्या वर्षी बापाच्या मासेमारीच्या मचव्यावर चढला, एकोणतिसाव्या वर्षी दुबईत उतरला, आणि पुढची एकोणतीस वर्षं त्यानं एकाच जागी काढली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका कंपनीची कामगारांची वसाहत आहे, ए, बी, सी, डी अशा चार ब्लॉकांची. तिथल्या टाक्या, मोटारी, गटारं, व्हॉल्व्ह, सगळं अन्वरच्या गळ्यात. शिक्षण विचाराल तर आठवी, तीही रडतखडत. पण कुठल्या पाइपात कुठं काय अडकलंय ते हा माणूस भिंतीला कान लावून सांगायचा.

अशा माणसापुढं नव्या मॅनेजरनं, अर्सलाननं, डिसेंबरातल्या एका गुरुवारी एक कागद सरकवला आणि सही मागितली. अर्सलान लखनौचा, वय बत्तीस, बोलणं अदबशीर, शर्टाला कधी सुरकुती नाही. कागदावर इंग्रजीत एवढंच होतं, की डी ब्लॉकमागचा खड्डा बुजवून तिथं क्रिकेटची सिमेंटची पिच करायला पंप विभागाची हरकत नाही. एक जानेवारीला मालक स्वतः येऊन पहिला चेंडू टाकणार होते. फोटोग्राफरसुद्धा ठरला होता.

आता हा खड्डा काय भानगड आहे ते सांगायला हवं. चोवीस सालच्या एप्रिलात दुबईवर जो पाऊस कोसळला तो आठवा. दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात. डी ब्लॉक सगळ्यात सखल, त्यामुळं चारही ब्लॉकांचं पाणी तिकडंच धावलं. डीच्या तळमजल्यावर खोल्या चोवीस, दर खोलीत माणसं सहा. दोन दिवस ती माणसं वरच्या बंकवर दोघं-दोघं पाय वर घेऊन बसली होती, खाली तांदळाच्या पिशव्या नि चपला तरंगत होत्या, आणि पंप बंद, कारण पंपाचं पॅनेलच पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर अन्वर जुन्या मॅनेजरच्या हात धुऊन मागं लागला आणि तीस मीटर लांब, वीस रुंद, दीड मीटर खोल असा खड्डा खणवून घेतला. पुन्हा असा पाऊस आला तर पाणी आधी तिथं जाऊन बसेल, माणसांच्या अंथरुणात नाही. तेव्हापासून आजतागायत त्या खड्ड्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि दोन मांजरी यांशिवाय काही आलं नव्हतं. त्यामुळं नव्या माणसाला तो वेडेपणाच वाटणार, हे अन्वरलाही कबूल होतं.

अर्सलान म्हणाला, फॉर्मॅलिटी आहे. अन्वर म्हणाला, वाचून करतो. आणि कागद खिशात घालून तो घरी आला.

घर तिथंच, पार्काच्या फेज टूमध्ये, एक खोली नि किचन. घरात बायको रशीदा आणि बारावीतली एमान. तिघांचेही व्हिसे अन्वरच्या नोकरीला बांधलेले. एमानचे बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चात. रशीदानं कागदाची हकिगत ऐकली आणि कढईतला कालथा हातात घेऊनच बाहेर आली. तिचं म्हणणं सरळ होतं. खड्डा कंपनीचा, जमीन कंपनीची, पाऊस अल्लाचा. यात एमानच्या अब्बांचं काय आहे? मार्चपर्यंत तोंड शिवून राहा, पोरीचे पेपर होऊ देत, मग काय ती उठाठेव करा. आपण बरं, आपलं काम बरं. अन्वर म्हणाला, खड्डा हेच माझं काम आहे. त्यावर रशीदानं कपाळाला हात लावला.

एमान वेगळ्याच कारणानं रुसली होती. शाळेत गणिताच्या टीचरनं चिठ्ठ्या टाकल्या होत्या. जिच्या हाती ज्या गणितज्ञाचं नाव येईल तिनं त्याचं चरित्र सादर करायचं. मैत्रिणींना मोठमोठी नावं मिळाली आणि हिच्या वाट्याला आला कुणी योहान आल्बर्ट आयटेलवाइन. जर्मन. जन्म सतराशे चौसष्ट. "अब्बा, नोबडी नोज हिम," ती म्हणाली. अन्वरनं विचारलं, काय करायचा हा? ती मोबाइल बघत इंग्रजीत सांगू लागली, आणि अन्वर अर्धं समजून, अर्धं विचारून ऐकू लागला.

पंधराव्या वर्षी हा पोरगा बर्लिनला तोफखान्यात भरती झाला. कॉलेज नाही, काही नाही. जे गणित शिकला ते तिथंच, तोफांच्या संगतीत. पंचविशीत सैन्य सोडलं, जमीन मोजणाऱ्याची परीक्षा दिली आणि थेट ओडर नदीच्या दलदलीच्या मुलखात बांधांचा इन्स्पेक्टर झाला. नदीनं कुठून जायचं नि कुठं थांबायचं हे बघणारा माणूस. पुढं गणिताची पुस्तकं लिहिली, बर्लिनमध्ये इमारती नि बंधारे बांधणाऱ्यांची शाळा काढणाऱ्यांत तो होता. आणि नद्यांच्या काठी पट्ट्या रोवून पाणी कुठवर चढलं ते रोज लिहून ठेवायचं, याचे नियम घालून देण्यातही त्याचा हात होता.

अन्वरचा चहा निवून गेला. पंधराव्या वर्षी भरती. बिनडिग्रीचा. पाण्यावरचा माणूस. त्यानं विचारलं, हा बांध घालायला गेला तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला शिव्या दिल्या का? एमान म्हणाली, तसं कुठं लिहिलेलं नाही. अन्वर म्हणाला, लिहिलेलं नसलं म्हणून काय झालं, दिल्याच असणार. मग त्यानं खिशातला कागद काढला, पाठीमागची कोरी बाजू तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, तो जर्मन राहू दे बाजूला, आधी माझं एक गणित घाल.

गणित असं. चारही ब्लॉकांची छपरं आणि अंगण मिळून नऊ हजार चौरस मीटर. त्या दिवसाचा पाऊस सुमारे एकशेचाळीस मिलिमीटर. म्हणजे पाणी झालं बाराशे साठ घनमीटर. ते सगळं जाऊन बसणार डी ब्लॉकच्या सखल भागात, आणि तो भाग दीड हजार चौरस मीटर. एमाननं कॅल्क्युलेटर घेतलाच नाही. उत्तर आलं चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. आता खड्डा असेल तर? खड्ड्यात मावतं नऊशे. उरलेल्या पाण्याची उंची चोवीस सेंटिमीटर, आणि डी ब्लॉकचा उंबरा तीस. म्हणजे खड्डा आहे तोवर पाणी उंबऱ्याबाहेर, खड्डा गेला की खाटेवर. एमाननं ते दोन आकडे गोल करून ठेवले आणि बापाकडं अशी बघत राहिली, जणू याच्या खिशातून प्रथमच काही कामाचं निघालं होतं.

पण कागदावरचं गणित कागदावरच राहतं, हे अन्वरला मचव्यापासून ठाऊक. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर तो एमानला घेऊन डी ब्लॉकच्या पंपरूममध्ये गेला. खोल्यांच्या भिंती कंपनीनं केव्हाच रंगवल्या होत्या, पण पॅनेलच्या मागची भिंत कोण रंगवतो? अन्वरनं आडवं होऊन टॉर्च मारला. गाळाचा पट्टा तसाच होता, तपकिरी, वरून कातरल्यासारखा सरळ. एमाननं टेप धरला. ब्याऐंशी.

"टू सेंटिमीटर्स एरर," ती म्हणाली आणि चक्क हसली. दोन सेंटिमीटर कुठं गेले असतील यावर बापलेक घरी येईपर्यंत वाद घालत होते. अन्वरला त्या दिवशी फार बरं वाटलं, अगदी पोरासारखं बरं वाटलं.

आता असं वाटेल की ज्यांचा जीव वाचणार ते तरी त्याच्या बाजूनं असतील. कसलं काय. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. डी ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या एकशे चव्वेचाळीस जणांनी आधीच अर्ज केला होता, आम्हाला पिच हवी. अर्ज फिरवणारा होता रेहान, फोर्कलिफ्ट चालवणारा, मुंब्र्याचा, अठ्ठावीस वर्षांचा, डी ब्लॉकच्या टीमचा कप्तान. त्याचं तरी काय चुकलं? बारा-बारा तासांची ड्यूटी करायची, रविवारी पार्किंगमध्ये गाड्या चुकवत टेनिसच्या चेंडूनं खेळायचं. अन्वर संध्याकाळी मेसमध्ये उभा राहिला आणि पावसाचं सांगू लागला. पोरं ऐकत होती, जेवत होती. रेहान म्हणाला, चाचा, आम्ही आलो तेव्हापासून इथं चूळ भरण्याइतका पाऊस नाही पडला. सगळे हसले. मागून कुणीतरी बुढ्ढा म्हणालं.

तेव्हा अन्वरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं मेसभर नजर फिरवली. त्या पावसातलं एकही तोंड तिथं नव्हतं. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, मग गावाकडचं परतीचं तिकीट, मग नवी माणसं. गावात नदीकाठी कुणी म्हातारा तरी असतो, पाणी या पिंपळापर्यंत आलं होतं म्हणून सांगायला. इथं म्हातारे ठेवतच नाहीत. व्हिसा कॅन्सल झाला की पाण्याची आठवणही कॅन्सल. एकोणतीस वर्षं टिकलेला एकटा तोच, आणि त्यालाही गप्प बसायला सांगत होते. त्याचा इतका संताप झाला की तो न जेवताच उठला.

शनिवारी सकाळी पोरं ओव्हरटाइमला गेली, तसा अन्वर निळ्या रंगाचा डबा, ब्रश आणि ब्याऐंशी सेंटिमीटरला खूण केलेली काठी घेऊन डी ब्लॉकमध्ये शिरला. खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडं असायच्याच. एकेका खोलीत, खाटांच्या मागच्या भिंतीवर, त्यानं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निळी रेघ ओढली आणि खाली हिंदीत लिहिलं, पानी यहाँ तक, अप्रैल २०२४. चोवीस खोल्या. गुडघे बोलायला लागले, पण हात थांबला नाही. जर्मनानं नदीकाठी पट्ट्या रोवल्या, आपण खाटेकाठी रोवू, असं तो पुटपुटत होता.

खालच्या खाटेची गादी जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर. झोपलेल्या माणसाच्या नाकावर वीतभर ती रेघ यायची. डोळे उघडले की समोर.

दुपारी अर्सलाननं त्याला ऑफिसात बोलावलं. अदब तीच, पण आवाजाखाली बर्फ होता. भिंती कंपनीच्या आहेत, त्यांना रंग फासायचा अधिकार कुणी दिला? उद्या पेंटर येईल आणि रेघा पुसल्या जातील. उद्या सकाळी अकराला वाळूचा टिपर येईल आणि खड्डा भरला जाईल. त्याआधी सही झाली तर झालं गेलं विसरून जाऊ. नाही झाली तर सोमवारी नोटीस. मग त्यानं मान तिरकी करून विचारलं, "अन्वरभाई, आप इंजिनियर हैं क्या?"

अन्वरला तोफखान्यातला तो पोरगा आठवला. "नहीं," तो म्हणाला, "लेकिन हिसाब मेरा सही है. आपका इंजिनियर बुलाओ, गलत निकाले तो मैं खुद फावडा मारूँगा." अर्सलाननं इंजिनियर बोलावला नाही. बोलावला असता तर उत्तर तेच आलं असतं, आणि ते त्यालाही कळत असावं.

संध्याकाळी अन्वर बाहेरच्या कट्ट्यावर एकटा बसला होता. रेहान आला. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तो नुकताच ड्यूटीवरून येऊन खाटेवर आडवा झाला होता. त्यानं एवढंच विचारलं, की हे खरंच झालं होतं का, की घाबरवायला लिहिलंय. अन्वरनं त्याला पंपरूममध्ये नेलं, टॉर्च दिला आणि पॅनेलच्या मागं बघ म्हणाला. रेहान बराच वेळ तिथं पालथा पडून होता. उठल्यावर कपडे झाडले आणि निघून गेला. अन्वरला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रात्री रशीदानं त्याला पुन्हा समजावलं. या खेपेला ती ओरडली नाही, आणि तेच अवघड गेलं. म्हणाली, पोरीचं वर्ष जाईल. मध्येच गावी जाऊन कुठल्या शाळेत बसेल ती? तिथं नऊ महिन्यांचं सगळं परत करायचं का? एकशे चव्वेचाळीस परकी माणसं एका पारड्यात आणि एकुलती एक लेक दुसऱ्या. त्यानं कबूल केलं की मला भीती वाटते. पण सही करून मी झोपू शकणार नाही, हेही सांगितलं. रशीदा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

रविवारी अकराला टिपर आला. अर्सलान आला, हातात कागदाची दुसरी प्रत, कारण पहिलीच्या पाठीवर एमानचं गणित होतं. अन्वर आला. तिघंही डी ब्लॉकच्या मागं पोचले आणि तिथंच थांबले.

खड्ड्यात मॅच चालू होती.

संप नव्हता, मोर्चा नव्हता. तसलं इथं कुणी करत नाही. सुट्टीच्या दिवशी पोरं क्रिकेट खेळत होती, बस्स. प्लॅस्टिकच्या पिशव्या गोळा करून कोपऱ्यात ढीग लावला होता. खड्ड्याच्या तळाशी चुन्याची क्रीज आखलेली, पाण्याचे दोन रिकामे कॅन म्हणजे स्टंप. चारही बाजूंच्या उतारावर डी ब्लॉक बसला होता, पाकिस्तानी, मल्याळी, बंगाली, बिहारी, सगळे, स्टेडियमात बसावं तसे. चेंडू कुठंही मारला तरी उतारावरून परत खाली येत होता. गाड्यांची भीती नाही की काचा फुटायची. रेहान बॅटिंग करत होता आणि टिपरकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

टिपरचा ड्रायव्हर पेशावरचा म्हातारा पठाण. त्यानं खाली वाकून बघितलं, इंजिन बंद केलं आणि सिगारेट पेटवली. माणसांवर वाळू टाकायचं माझ्या ऑर्डरीत नाही, म्हणाला.

अर्सलाननं वरून हाक दिली, इधर खेलने की परमिशन किसने दी? खेळ थांबला. रेहाननं बॅट खांद्यावर टाकली आणि अदबीनंच विचारलं, सर, पिच देणारच होता ना तुम्ही आम्हाला? ही चालेल. बुजवायची काय गरज? उतारावर खसखस पिकली. अर्सलानचा चेहरा लाल झाला. त्या पोरांना तो काय करणार? मालकाला काय सांगणार, की कामगारांनी खेळायला जागा मागितली आणि सापडली? मग त्याचा सगळा राग ज्याच्यावर निघायचा त्याच्यावर निघाला. वड्याचं तेल वांग्यावर. त्यानं कागद नि पेन अन्वरच्या छातीशी धरलं. आत्ता. इथं. सगळ्यांसमोर.

अन्वरनं पेन घेतलं. एकशे चव्वेचाळीस जण बघत होते. टिपरच्या तापलेल्या बॉनेटवर त्यानं कागद ठेवला. नो ऑब्जेक्शनमधला 'नो' त्यानं आडव्या रेघेनं खोडला. खाली जागा होती तिथं ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी आणि चोवीस हे तिन्ही आकडे लिहिले, चोवीस खोल्या, एकशे चव्वेचाळीस माणसं असं लिहिलं, आणि त्याखाली, कुणाला वाचता येवो न येवो, मराठीत लिहिलं: हरकत आहे. मग पूर्ण नावानं सही, तारीख, आणि पंप विभागाचा शिक्का, जो तो खिशात घेऊनच आला होता.

अर्सलाननं कागद वाचला. त्याला मराठी येत नव्हती, पण आकडे आणि शिक्का कुणालाही वाचता येतात. असा कागद एकदा फायलीत लागला की पुढं त्या खड्ड्यावर वाळूचं एक घमेलं टाकायलाही कुणी सही देणार नाही. उद्या पाणी आलं तर सगळ्यात आधी हाच कागद बाहेर निघेल, आणि तो असताना खड्डा बुजवायला ज्यानं सही दिली असेल तो मेला. हे अर्सलानला जितकं स्वच्छ कळलं तितकंच अन्वरला. कागद फाडावा तर एकशे चव्वेचाळीस साक्षीदार, त्यातल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल.

"कल आपका लेटर मिल जाएगा," अर्सलान शांतपणे म्हणाला.

"मिलने दो," अन्वर म्हणाला.

टिपर भरलेला आला तसा भरलेला परत गेला. पेंटर आलाच नाही, की कुणी येऊ दिला नाही, ते अन्वरनं विचारलं नाही. सोमवारी सकाळी नोटिशीचं पत्र हातात पडलं आणि तो दुपारी घरी आला. एमान शाळेत होती. त्यानं चपला काढल्या, पत्र टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत मान खाली घालून बसला. काल खड्ड्याच्या काठावर ताठ असलेली पाठ आता एकदम वाकली होती. बायकोच्या तोंडाकडं बघायची त्याची हिंमत नव्हती.

रशीदानं पत्र उचललं. तिला इंग्रजी जेमतेम, पण तारखा वाचता येत होत्या.

"गेली?"

"गेली."

"आणि खड्डा?"

"आहे."

ती पत्र घेऊन फ्रिजपाशी गेली. फ्रिजवर एमानच्या पेपरांचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्याच्यापुढं उभी राहून ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. एकदा मोजलं, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग ती वळली.

"नोटीस चौदा जानेवारीपर्यंत," ती म्हणाली. "त्यावर व्हिसा संपला तरी इथं राहायला सरकार देतं ते साठ दिवस. म्हणजे पंधरा मार्च. पोरीचा शेवटचा पेपर बाराला." तिनं पत्राची नीट घडी घातली. "तीन दिवस उरतात. सामान बांधायला पुष्कळ झाले. आता मान वर करा नि हात धुवून या, जेवण गार होतंय."